खांद्यातली आर

आमच्या बापाला सगळ्या दुनियेत एकच एक दिसायचं, आणि मला एकट्या बापात दोन माणसं दिसायची. एक, मुंग्यांची रांग आडवी आली की उचललेला पाय तसाच धरून थांबणारा. दुसरा, बैलाच्या कासऱ्यानं माझ्या पाठीवर वळ उठवणारा. आणि गंमत बघा, दुसरा चवताळायचा तो पहिल्याच्याच पायी. मी कुत्र्याला दगड हाणला, मार. कोवळी बाभूळ उगाच कुऱ्हाडीनं छाटली, मार. बांधावरचा साप आपल्या वाटेनं निघून चालला होता तरी त्याचं डोकं ठेचलं, तर त्या दिवशी असा मार की दोन दिवस मला पालथं झोपावं लागलं. मारताना तोंडानं एकच चालू असायचं, "आरं, तुझ्यात हाय तेच त्याच्यात हाय! तेच हाय! तेच!" प्रत्येक 'तेच'ला एक फटका.

औंढ्याहून हिंगोलीकडं जाताना रस्ता सोडून आत आमचं गाव. हिंगोली तेव्हा जिल्हा व्हायची होती, आम्ही परभणीतच मोजले जायचो. घरात बा, माय आणि मी, आणि भिंतीला भिंत लागून चुलता. खाऊनपिऊन सुखी होतो. भांडायला मात्र आम्हाला कारण लागत नसे. राग आमच्या घरात वारशानं चालत आलाय. शेताच्या आधी तोच माझ्या नावावर झाला.

मिसरूड फुटल्यावर एकदा मी मार खाता खाता उलटा फिरलो. कासरा हातात धरला आणि ओरडलो, "सगळ्यात एकच हाय म्हनता ना? मग मला मारल्यावर तुमाला काहून लागत न्हाई?" बा तसाच थांबला. मग कासरा टाकून गोठ्यात जाऊन बसला आणि दोन वेळ जेवलाच नाही. माय खवळली, "पोराला फोडता आन आपण उपाशी ऱ्हाता! दोघं मिळून माझा जीव घेऊन राहिले!" तेव्हापासून तेच ठरून गेलं. मला मार, त्या दिवशी बापाला उपास. मला त्याचं काही कौतुक नव्हतं. मी गावभर सांगत फिरायचो की म्हातारा ढोंगी आहे.

हे एकपण त्यानं कुठून आणलं, देव जाणे. वाचता त्याला अक्षर अक्षर जुळवूनच यायचं. श्रावणातल्या सोमवारी औंढ्याला जायचा, मला ओढून न्यायचा. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे, वाकून, बसून, जवळजवळ सरपटत उतरावं लागतं. खाली एवढीशी जागा आणि त्यात माणसं कोंबलेली. घाम कोणाचा कोणाला लागतो, श्वास कोणाचा कोण घेतो, काही कळत नाही. एकदा वर आल्यावर पायरीवर बसून बा म्हणाला, "आत कळत व्हतं का, तू कुठं सरतो आन शेजारचा कुठं सुरू व्हतो?"

"न्हाई."

"भाईर बी तसंच हाय. फकस्त जागा जास्ती हाय, म्हनून कळत न्हाई."

मला त्या गर्दीत माझी चप्पल सापडत नव्हती. मी म्हटलं, "मग कोनाची बी चप्पल घालून जाऊ का?" देवळाच्या दारात, चारचौघांसमोर, माझ्या कानाखाली जाळ निघाला. घरी आल्यावर बा उपाशी.

विहिरीची गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली. त्या उन्हाळ्यात आमची विहीर अजून खोल न्यायची होती. खाली काळा दगड लागला, पहार वाजायची आणि परत फिरायची. मग सुरुंग लावले. वात पेटवली की आम्ही लिंबाखाली पळायचो, आणि धडाम करून जमीनच पायाखाली उसळायची. दगड बाभळीच्या शेंड्याच्या वर जायचे. एकदा त्यातला एक येऊन चरणाऱ्या बगळ्यावर पडला आणि त्याचा नुसता पांढरा चोथा झाला. मला ते आवडायचं. खोटं काहून बोलू? बार उडाला की माझ्या अंगात बळ यायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावरची माणसं आली. आमच्यापासून दोन शेतं सोडून त्यांची पिण्याची विहीर. पुढं तांड्याचा नायक, मागं दहा-बारा गडी, त्यांच्या मागं रिकाम्या घागरी घेऊन बाया. नायकानं एक घागर आमच्यासमोर ओतली. पिवळा चिखल होता तो.

"तुमी बार उडवता आन आमच्या लेकरांनी हे प्यायचं व्हय?"

चुलता पुढं झाला. "आमची इहीर, आमचे बार. तुमची इहीर कुठं, आमची कुठं? आमचा काय संबंध?"

कोणीतरी चुलत्याच्या छातीला हात लावला, आणि मग काय विचारता! काठ्या, दगड, पहार, हाताला येईल ते. चुलत्याचं डोकं फुटून रक्त डोळ्यांवर आलं. ते बघून माझं डोकं फिरलं. मी कुदळीचा दांडा उचलला आणि समोरच्या एकाच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, वाळली काडी मोडावी तसा. बा तेव्हा विहिरीत होता. दोर धरून तो वर आला आणि सरळ मधोमध जाऊन उभा राहिला, म्हणून दोन्हीकडचे फटके त्यालाच बसले. पाठीवर तांड्याची काठी आणि पायावर माझाच दांडा. तो ओरडत होता चुलत्यावर, "संबंध न्हाई कसा? हितं फोडलं आन तिथं गढूळ झालं! खाली एकच हाय, मूर्खा!"

सुरुंग बंद झाले. दुसऱ्या दिवसापासून बा लंगडत लंगडत तांड्याच्या विहिरीवर जाऊ लागला. एकटा खाली उतरून चार दिवस गाळ काढला. चौथ्या दिवशी नायक स्वतः भाकरी घेऊन काठावर बसला, आणि दोघं एका फडक्यात जेवले. इकडं डोक्याला फडकं बांधून चुलता आदळआपट करत होता, "माझं डोकं फुटलं आन माझा सख्खा भाऊ त्यांचा गाळ काढून राहिला!" मी सोळा आणे चुलत्याच्या बाजूचा होतो. मला वाटायचं, बापाचं हे एकपण घरची माणसं सोडून बाकी सगळ्यांसाठी आहे.

आता तांबड्या बैलाचं सांगतो. दावणीला दोन बैल होते, एक पांढरा आणि एक तांबडा. पांढरा गरीब. तांबडा घरच्याच गायीचा, लालकंधारी जातीचा, अंगानं भक्कम आणि स्वभावानं थेट माझ्यासारखा. कोणी पाठीत घातली की पाय रोवून उभा. त्याच्यावर हात टाकायचा नाही असा घरात हुकूम होता. बैल हाकायची पराणी असते ना, तिच्या टोकाला लोक अणकुचीदार खिळा बसवतात. त्याला आर म्हणतात. गावात आर नसलेली पराणी फक्त आमच्या घरी होती. बा म्हणायचा, "आर बैलाला लागते, असं तुला वाटतं."

मी चोरून एक आर करून घेतली होती. चांगली बोटाच्या दोन पेरांएवढी, दगडावर घासून टोक काढलेली. वेगळ्या पराणीला बसवून ती गाडीच्या तळाशी खोचून ठेवायचो. बा सोबत नसला की काढायचो.

त्या मारामारीनंतर दोन-तीन वर्षांनी, श्रावणात, विहिरीचा कठडा बांधायला मी टेकडीवरून दगड आणत होतो. दुपारी ओढ्यात गाडी रुतली, आसापर्यंत. पांढऱ्यानं जीव तोडून ओढलं, तांबडा खाली बसला. मी हाका मारल्या, शेपूट पिळलं, शिव्या दिल्या. काठावर एसटीची वाट बघत चार-पाच जण बसले होते. त्यातला एक म्हणाला, "बैल हाकून राहिला का आरती करून राहिला?" बाकीचे फिदीफिदी हसले.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी आरीची पराणी ओढून काढली. आधी मागच्या पुठ्ठ्यावर टोचली. तो नुसता थरथरला, उठला नाही. परत हसू आलं काठावरून. मग मी पुढं गेलो, पराणी दोन्ही हातांनी धरली आणि जुवाच्या कडेला, थेट खांद्यात खुपसली. नुसती खुपसली नाही, दात खाऊन फिरवली. तांबडा असा हंबरला की काठावरची माणसं उभी राहिली. उसळी मारून उठला आणि एका हिसक्यात गाडी बाहेर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो, छाती काढून.

पराणी बघितली तर टोकाला आर नव्हती. मुळातून मोडून ती खांद्यातच राहिली होती. रक्ताची धार पुढच्या पायावरून खाली येत होती. मी जखम दाबून आर वर काढायला गेलो तर तांबड्यानं शिंग झटकलं. मग मी ओढ्याचा चिखल लावून रक्त थांबवलं, घराजवळ आल्यावर वर हळद आणि वंगण चोपडलं आणि गप बसलो.

आठ दिवसांत वरून खपली धरली. खालून गाठ वाढत चालली, आधी लिंबाएवढी, मग कवठाएवढी. बानं हात फिरवला तर तांबडा मागं सरला.

"काहून सुजला रे खांदा?"

"जू घासलं," मी म्हटलं. त्याच्याकडं न बघता म्हटलं.

बानं जू काढलं, वाकस घेतलं आणि दुपारभर ते तासत बसला. बैलाच्या खांद्याला कुसळ टोचू नये म्हणून गालानं घासून बघत होता. "माझीच चूक," तो म्हणाला. "नवं लाकूड. म्या नीट तासलंच न्हाई." मग जाऊन तांबड्याच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला. "तकलीफ दिली रे तुला." त्या दिवसापासून तांबड्याला कामाला जुंपलं नाही. पिकातलं तण काढायची डवरणी अडली, तर दोर खांद्यावर घेऊन बानं हातकोळपं स्वतः ओढलं, आणि मागं मी धरून चाललो. त्याच्या खांद्यावर दोराचा लाल पट्टा उमटलेला मला दिवसभर दिसत होता. जिभेवर दहादा आलं. सांगितलं असतं तर मार बसला असता, दोन दिवस पालथं झोपलो असतो, तो उपाशी राहिला असता, आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण मी भ्यालो. माराला नाही भ्यालो, ओढ्यावर मी हसलो होतो ते त्याला कळेल याला भ्यालो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदमळणी असते. वर्षभर बैलाच्या खांद्यानं जू वाहिलेलं असतं, तर त्या संध्याकाळी त्याला धुऊन, त्याचा खांदा कोमट तूप आणि हळदीनं मळायचा. पळसाच्या पानानं शेकायचा. आणि त्याला जेवायचं बोलावणं द्यायचं. माणसाला देतात तसं, तोंडानं. घरच्या कर्त्या माणसानं हे करायचं आणि पोरानं कासरा धरायचा.

कासरा माझ्या हातात होता. माय चुलीवरून तुपाची वाटी घेऊन आली, चुलता ओट्यावर बसला होता. बानं पांढऱ्याचा खांदा मळला. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मग तांबड्याकडं वळला. सूज बघून हळहळला. मला वाटलं, आता तो हलका हात फिरवील आणि सोडून देईल. पण त्याच्या मनात जुवाचा अपराध होता ना! त्यानं ठरवलं असणार, आज ही सूज मळून मळून उतरवायचीच. दोन्ही तळवे तुपात बुडवले, डोळे मिटले आणि अंगाचा भार टाकून गाठीवर दाबले.

"बा..." एवढंच माझ्या तोंडातून निघालं.

तांबड्यानं मान खाली घेतली आणि वर फेकली. शिंग बाच्या डाव्या कुशीत शिरलं. तो शिंगावर उचलला गेला, पाय अधांतरी, आणि तसाच गोठ्याच्या खांबावर आपटला. कासरा माझ्या तळहाताची साल काढत सुटला. माय किंचाळली. वाटी उलटली, तूप आणि रक्त एकाच उतारानं वाहायला लागलं. तांबडा परत मान खाली घालून आला, तर चुलत्यानं ओट्यावरचं लाकूड घेऊन त्याच्या तोंडावर मारलं.

आणि मी काय केलं सांगू? मीही मारलं. बाकडं बघायचं सोडून मी बैलाला मारलं. खुंटा उपटला आणि त्याच्या नाकाडावर, डोळ्यावर, सुजलेल्या खांद्यावर, कुठं बसतंय न बघता हाणत सुटलो. "बापाला मारतो? माझ्या बापाला मारतो?" असं ओरडत होतो. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून ओरडत होतो. गाठ फुटून पू उडाला, माझ्या तोंडावर आला, तरी थांबलो नाही. चुलता आत जाऊन कुऱ्हाड घेऊन आला.

"थांब," बा म्हणाला. मातीत पडलेला, एक हात कुशीवर, दुसऱ्या हाताची मूठ. "मारू नका त्याला. त्यानं न्हाई मारलं."

"त्यानं न्हाई मारलं तर कोनी मारलं? भरमलास का?" चुलता ओरडला.

बा परत तेवढंच म्हणाला, "त्यानं न्हाई मारलं." चुलत्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

गावात गाडी नव्हती. चुलता तांड्याकडं धावला. ज्यांच्यावर दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही काठ्या उगारल्या होत्या, त्या नायकाची आता औंढा-हिंगोली रस्त्यावर जीप चालायची. निरोप मिळताच तो जीप घेऊन दारात. मागच्या बाकावर बाला आडवं टाकलं, डोकं माझ्या मांडीवर. मायनं आपल्या लुगड्याचा बोळा करून कुशीत दाबून धरला होता. खड्ड्याखड्ड्याला बा कण्हायचा. मूठ मात्र त्यानं उघडली नव्हती.

अर्ध्या वाटेवर त्यानं ती मूठ माझ्या हातात दिली. मला वाटलं, हात धरायला मागतोय. मी धरला. तळव्यात काहीतरी टोचलं. दाबल्यावर गाठीतून आर वर आली होती आणि त्याच्या तळहातात रुतली होती. ती त्यानं ओढून काढली होती, आणि एवढा वेळ मुठीत लपवून ठेवली होती. चुलत्यापासून, मायपासून, सगळ्या गावापासून. त्यानं ती माझ्या तळव्यात सोडली आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. माझ्याकडं बघितलं नाही. तिच्यावर पू होता, तूप होतं, बैलाचं रक्त होतं, बापाचं होतं, आणि आता कासऱ्यानं सोलल्या हाताचं माझंही. कोणाचं कोणतं, ते काही मला सांगता आलं नसतं.

सकाळी हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोटभर इकडं असतं तर आतडं गेलं असतं. टाके घातले होते. माय चहा आणायला बाहेर गेली तेव्हा मी खाटेशी खाली बसलो.

"बा, म्या केलं ते."

"व्हय."

"ओढ्यात. लोक हसले म्हनून."

"व्हय."

"जू न्हाई घासलं. तुमी उगाच तासत बसले."

तो वर छताकडं बघत होता. मला ते सहन होईना. चिडावं, थुंकावं, सलाईनची नळी ओढून तिनं मारावं, काहीतरी करावं. मी त्याचा पट्टी बांधलेला हात उचलून माझ्याच तोंडावर आपटला. "मारा ना! रोज मारत व्हते, आज काहून न्हाई? मारा मला!"

त्यानं हात सोडवून घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं.

"कोनाला मारू?" तो म्हणाला. "सांग ना. कोनाला मारू?"

बारा वर्षं कासरा खाऊन जे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं, ते त्या एका प्रश्नानं आत गेलं आणि मी जनावरासारखा रडलो. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला, त्याला वाटलं आमचं कोणी गेलं.

दुपारच्या एसटीनं गावात आलो. पोळा भरला होता. मारुतीपुढं तोरणाखाली सगळ्यांचे बैल झुली घालून उभे, वाजंत्री वाजत होती. आमचा पांढरा एकटाच होता. तांबडा घरी, दोन दोरांनी खांबाला आवळलेला, एक डोळा सुजून मिटलेला, शिंगाला वाळलेलं रक्त. पाण्याचं घमेलंही कोणी पुढं ठेवलं नव्हतं. चुलता म्हणाला, "उद्या व्यापारी येऊन राहिला. कापायला देतो याला. मालकावर उठलेला बैल दावणीला ठेवत न्हाईत."

मी आर त्याच्यासमोर धरली आणि सगळं सांगितलं. ओढा, टाळ्या, जू, खांदमळणी, सगळं. चुलत्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग पोळ्यासाठी आणलेला नवा कोरा आसूड खुंटीवरून काढला आणि मला अंगणात घेतलं. तो दमेपर्यंत मी हललो नाही. मला वाटलं, आता बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. तो आसूड टाकून खाली बसला आणि त्यालाच हुंदका आला.

"व्यापाऱ्याला नको म्हनून सांगा," मी म्हटलं. "आन पाणी तापवा."

गाठ फुटली होती, पण आत घाण होती, ती काढायला हवी होती. कडुलिंबाचा पाला टाकून पाणी उकळलं. अशा वेळी बैलाला आधी दोर घालून आडवा पाडतात, पाय बांधतात, मग हात लावतात. चुलता तेच सांगत होता. मी ऐकलं नाही. मला पापी माणसाची घमेंड चढली होती. मी दोन्ही दोर सोडले, तूप-हळदीची वाटी घेतली आणि तांबड्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. त्याच्या उघड्या डोळ्यात मला माझं तोंड दिसत होतं. "आज आवतण..." म्हणत मी खांद्याला हात लावला.

त्यानं मला उडवलं. शिंग लागलं नाही, कपाळाचीच धडक बसली, पण अशी की मी दगडी गव्हाणीवर जाऊन पडलो आणि माझं खांद्याचं हाड मोडलं. तांड्याच्या माणसाचा हात मोडताना ऐकला होता तोच आवाज, आता आतून. मी पडल्या पडल्या चुलत्यावर ओरडलो, "कुऱ्हाड घेऊ नका! त्यानं न्हाई मारलं!" चुलता जागच्या जागी थिजला. मग त्यानं चार गडी बोलावले, तांबड्याला दोर घालून नीट पाडलं, जखम धुतली, पू काढला, आणि त्याच जीपमधून मला बाच्या शेजारच्या खाटेवर नेऊन टाकलं. बानं माझ्या गळ्यातली झोळी बघितली आणि "कोनी?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. दोन दिवस तो जेवला नाही. मी त्याच्यासमोर माझं ताट उपडं केलं, मग दोघं जेवलो.

तांबडा वाचला. मार बसलेल्या डाव्या डोळ्यानं त्याला पुढं कमी दिसायचं, म्हणून त्याला कायम उजव्या बाजूला जुंपायचो. बानं त्यानंतर मला कधी मारलं नाही, आणि मीही माझ्या बाजूनं हात आखडला. एकदम नाही जमलं. राग काही गेला नाही, अजूनही आहे, बायकापोरांना विचारा. पण काठी उचलली की आधी माझा खांदा ठणकतो. आभाळ भरून आलं की तो असाही ठणकतोच. हाड वाकडं बसलंय.

पुढच्या वर्षीची खांदमळणी. बा वाळून अर्धा झाला होता, कूस धरून चालायचा. माय वाटी घेऊन आली. मी कासरा घ्यायला गेलो तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, सोड." त्यानं पांढऱ्याचा खांदा मळला, बोलावणं दिलं. तांबड्याच्या डोळस बाजूनं गेला, आधी हात दाखवला, मग खांद्यावर ठेवला. तांबडा कान हलवत उभा राहिला. त्यालाही बोलावणं दिलं. ओट्यावर चुलता श्वास धरून बसला होता.

मग बा माझ्याकडं वळला. "सदरा काढ."

"काहून?"

"काढ म्हनलं ना."

मी काढला. त्यानं मला दावणीला, तांबड्याच्या शेजारी, खाली बसवलं. वाटीत उरलेलं तूप-हळद बोटांनी निपटून घेतलं आणि माझ्या मोडक्या खांद्यावर ठेवलं. त्याच्या तळहातावर आरीचा वण होता, तो हाडावर फिरताना मला कळत होता. पळसाचं पान चुलीवर धरून त्यानं शेक दिला. तांबडा वरून माझ्या डोक्यावर फुसफुसत होता. किती तरी वेळ बा मळत राहिला, बैलाचा खांदा मळला तेवढाच वेळ, ना कमी ना जास्त. मग तो सरळ उभा राहिला आणि दोन्ही हात जोडून माझ्यापुढं वाकला.

"आज आवतण घ्या," तो म्हणाला, "उद्या जेवायला या."

बैलांना याचं उत्तर देता येत नाही. मला देता येत होतं.

"येतो, बा," मी म्हणालो.